मडगार्डवरचा चहा

"लावा," बॉनेटखालून क्लिफ डिन्सडेल म्हणाला, आणि मिस ऑल्डरसननी चावी फिरवली.

इंजिन लागलं आणि लागल्या लागल्या किंचाळायलाच लागलं. पायाखाली काही दाबलेलं नाही, चोक पूर्ण आत, तरी रेसचा काटा दोन हजारांवर चढला आणि तिथेच बसून राहिला. ती छोटी, हिरवी, दोन सीटांची जुनी गाडी जागच्या जागी ऊर फुटेस्तोवर पळत होती. गॅरेजच्या ऑफिसच्या दारात क्लिफची बायको लॉर्ना ॲप्रनला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती पुसतच होती.

"बंद करा."

गाडी थांबली. एकदम इतकं शांत झालं, की रस्त्यापलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांचं ओरडणं आत आलं.

"म्हणजे बिघाड गॅस्केटचा नव्हताच," मिस ऑल्डरसन म्हणाल्या.

"गॅस्केट होतंच. सांध्यातली दोन्ही गेलेली होती. पण नुसतं गॅस्केट नव्हतं."

"आमच्या धंद्यात असं कुणी बोललं ना डिन्सडेल, की समजायचं, गाय मेली."

मिस ऑल्डरसन चाळीस वर्षं या खोऱ्याच्या गुरांच्या डॉक्टर होत्या. आता अठ्ठ्याहत्तरीत होत्या, आणि आवाज अजून गोठ्यात उभं राहून बोलल्यासारखा. शेजारच्या सीटवर त्यांचा म्हातारा मेंढपाळी कुत्रा मॉस बसला होता. मालकिणीइतकाच तोही या गाडीत आपला हक्क समजत असे. मंगळवारी, भर बाजाराच्या दिवशी, क्लच सोडताच गाडीनं उडी मारली होती आणि मेंढ्यांच्या ट्रेलरच्या फळीवर नाक आपटलं होतं. मेंढ्यांना काही झालं नाही. पण हॉज गावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय झाला. भाच्यानं फोन करून सांगितलं, आत्या, आता पुरे, चावी माझ्याकडे दे. म्हणून मिस ऑल्डरसननी ठरवून टाकलं होतं, की शनिवारी बटरटब्जचा घाट ओलांडून, भाच्याला शेजारी बसवून, पलीकडे जेवायला जायचं. शनिवार म्हणजे उद्या.

"होईल," क्लिफ म्हणाला.

होईल म्हणताना त्यानं लॉर्नाकडे पाहिलं नाही. तिनं ते पाहिलं.

इंजिन हवा घेतं ती कार्ब्युरेटरमधून, मोजून. कुठे फट पडली, की तिथून न मोजलेली हवा चोरून आत शिरते, आणि मग गाडी अशी उगाच पळत सुटते. फट शोधायची, बुजवायची. सांगायला एवढंच काम. काही लोक स्प्रे मारून शोधतात. पण या गाडीला गरमागरम एक्झॉस्ट त्याच बाजूला, आणि तरुणपणी असाच भडका उडून क्लिफची एक भुवई जळली होती. ती पुन्हा आली ती वाकडीच आली. तेव्हापासून स्प्रे बंद, नळी सुरू. हातभर लांब रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं टोक इंजिनावरून हळूहळू फिरवायचं, डोळे मिटून. फट असेल तिथे कुणीतरी दातांमधून श्वास ओढावा तसा आवाज येतो. क्लिफच्या या नळीसाठी लोक लांबलांबून गाड्या आणत. पेनरिथहून, केंडलहून. "डिन्सडेलच्या कानात घाला," म्हणत.

त्यानं नळी उचलली, आणि आवाजात आवाज नको म्हणून पंख्याची वायर काढून ठेवली होती ती नीट बाजूला सारली.

"लावा."

पुन्हा ती किंचाळी. क्लिफनं डोळे मिटले. नळीचं टोक कार्ब्युरेटरच्या बुडाशी गेलं, मग वर, मग पाइपाच्या सांध्याशी, मग मागे. त्याच्या चेहऱ्यावर ते जुने, देवळात बसल्यासारखे भाव होते. फक्त पूर्वी या भावांच्या शेवटी एक हसू असायचं. तेवढंच येईना.

लॉर्नाला हे मागच्या हिवाळ्यापासून माहीत होतं. स्वयंपाकघरात शेगडीवर शिट्टीची किटली कोकलत होती. अगदी शेजारच्या घरातला माणूस उठून यावा इतकी. आणि किटलीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचणाऱ्या क्लिफनं मान वर न करता विचारलं होतं, "पाणी ठेवलंस का गं, पोरी?" साठी उलटली तरी तिला तो पोरीच म्हणे, या खोऱ्यात बायकोला म्हातारपणीही पोरीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी लॉर्ना जाऊन विजेची किटली घेऊन आली. उकळलं की आपोआप बंद. शिट्टी नाही, भानगड नाही. जुनी गळत होती, असं सांगितलं. चांगली ठणठणीत किटली जिन्याखाली जुन्या बुटांमागे लपवली.

त्यानंतर मग एकेक वाढतच गेलं. फोन तीच घ्यायला लागली. गिऱ्हाईक काही पुटपुटलं, की तेच वाक्य ती मोठ्यानं परत म्हणायची, जणू तिलाच नीट कळलं नव्हतं. लोकांना वाटायला लागलं, लॉर्ना डिन्सडेलला हल्ली ऐकू कमी येतं. वाटू दे, ती म्हणे मनात. कुणाला तरी कमी येतंय हे तर खरंच आहे.

आणि काल रात्री जेवताना क्लिफ म्हणाला होता, "उद्याची ती ऑल्डरसनबाईंची गाडी. तिचा बिघाड मला कानानं सापडला नाही ना, तर पाटी उतरवतो."

"कसली पाटी?"

"आपली. बाहेरची."

एवढं बोलून त्यानं बटाटे पुढे ओढले होते. मीठ मागावं तशा आवाजात बोलला होता. त्यावरूनच तिला कळलं, की तो किती दिवस हे मनात घोळवत होता.

आता खरं सांगायचं, तर तिला रात्रभर झोप लागली नाही ती नुसत्या काळजीनं नाही. हेदर, तिची बहीण, व्हिटबीला राहते. तिच्या शेजारची छोटी बंगली रिकामी झाली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदर दिसतं. लॉर्नाचे गुडघे या गॅरेजच्या सिमेंटवर चौतीस वर्षं उभे राहून संपले होते. आणि आज अकराला हेदरचा फोन आला होता.

"मालकीणबाई पाचपर्यंत थांबतेय फक्त. मग ती लीड्सच्या जोडप्याला देणार. लॉर्ना, तू विचारलंस का क्लिफला?"

"आज तो स्वतःच म्हणेल."

"चौतीस वर्षं तू हेच म्हणतेयस."

"आज खरंच म्हणेल. पाचला फोन कर."

फोन ठेवला आणि तिची तिलाच लाज वाटली होती. नवऱ्याच्या हरण्यावर आपण खिडकी बुक केली, असं तिला वाटलं.

"बंद करा," क्लिफ म्हणाला.

त्यानं चिमटा लावलेली ब्रेकची जाड नळी सोडवली. इंजिनातून, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला हवेची ओढ देणारी ती नळी. मघाशी त्यानं ती मधोमध पकडीनं चिमटून पाहिली होती. नळीत भोक असतं तर चिमटल्याबरोबर रेस उतरली असती. नाही उतरली. म्हणून ती नळी त्यानं मनातून पुसून टाकली होती.

"काय करतोयस आता?" मिस ऑल्डरसननी विचारलं.

क्लिफ पाने निवडत राहिला.

"आता काय करतोयस, विचारतायत बाई," लॉर्ना मोठ्यानं म्हणाली. "मलाही तेच विचारायचं होतं."

"विचार करतोय," क्लिफ म्हणाला.

"तो मला फुकट पडतो की तासावर?" मिस ऑल्डरसन म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. कुणी साथ दिली नाही. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, गाडी गेली की मी गेले. घरापासून बाजार दोन मैल. भाच्याचं काय, तो लीड्सला बसून काळजी करतो. मला काळजी नकोय. मला चावी हवीय."

"चहा करते," लॉर्ना म्हणाली.

ती तीन मग आणि इथल्या पद्धतीनं फ्रूटकेकवर चीजचे तुकडे ठेवलेली बशी घेऊन आली, तेव्हा गाडी पुन्हा चालू होती आणि क्लिफ डाव्या बाजूला वाकलेला होता. ट्रे ठेवायची जागा ठरलेली: भिंतीजवळ उलटा ठेवलेला लाकडी खोका. गाडीवर कप ठेवायचा नाही. हा या गॅरेजचा पहिला आणि शेवटचा नियम. क्लिफ ज्यांच्याकडे शिकला त्या म्हाताऱ्यांचा तो नियम, आणि क्लिफनं तो धर्मासारखा पाळला होता. एकदा सुट्या भागांचा विक्रेता बोलता बोलता बॉनेटवर कप टेकवून बसला. त्याला कपासकट बाहेर काढला होता. लग्नाच्या पहिल्या महिन्यात लॉर्नानं एका मडगार्डवर मग ठेवला, तर क्लिफ ओरडला नाही. त्यानं मग उचलला, खाली राहिलेलं वर्तुळ बाहीनं पुसलं आणि दिवसभर बोलला नाही. चौतीस वर्षांत पुन्हा तशी वेळ आली नव्हती.

खोक्याकडे जाताना ती गाडीच्या उजव्या बाजूनं, चालकाच्या दारापुढून गेली. उघडं बॉनेट चुकवायला वाकली. आणि तिला ते ऐकू आलं.

स्स्स्स.

बारीक, अखंड. दातांमधून ओढलेला श्वास. इंजिनाच्या किंचाळीखालून येणारा, पण वेगळा. तिनं मान वळवली. आवाज मोठा झाला. जाड नळी जिथे इंजिनाला जोडली होती तिथून, अगदी मुळाशी, क्लिपच्या खालच्या अंगानं येत होता. वरून काही दिसत नव्हतं. आणि क्लिफनं चिमटलं होतं ते मधोमध. मुळाशी चीर असेल तर पुढे कितीही चिमटा, हवा मुळातूनच जात राहणार.

तिनं वर पाहिलं. सीटवर मॉसनं मान तिरकी केली होती, एक कान उभा, नजर थेट त्या नळीच्या दिशेनं. कुत्र्याला ऐकू येत होतं. तिला ऐकू येत होतं. मिस ऑल्डरसनचं वय झालं, त्यांना नव्हतं. आणि क्लिफ नळी कानात घालून त्या जागेपासून वीतभर अंतरावरून पुढे गेला. परत आला. पुन्हा पुढे गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

लॉर्नानं ट्रे खोक्यावर ठेवला. बशी किणकिणली. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

तोंड उघडून सांगता आलं असतं. क्लिफ, मुळाशी बघ, मला ऐकू येतंय. पण मग त्याचा अर्थ, तुला येत नाही. पाटी खाली. गप्प बसलं तरी पाटी खाली. दोन्हीकडून वाट व्हिटबीलाच जात होती. आपल्याला काहीच करायचं नाहीये, तिनं स्वतःला सांगितलं. नुसतं उभं राहायचं. पाच वाजायला फार वेळ नाही.

"बंद करा," क्लिफ म्हणाला. नळी कानातून काढली. क्षणभर ती हातात धरून तो नुसता उभा राहिला, बस चुकलेल्या माणसासारखा. मग नळी खिळ्याला अडकवली आणि बाकावरून स्क्रूड्रायव्हर उचलला. बारीक दांड्याचा, लाल मुठीचा.

लॉर्ना एक पाऊल पुढे सरकली.

तो स्क्रूड्रायव्हर कशाचा, तिला माहीत होतं. कार्ब्युरेटरवर एक छोटा स्क्रू असतो, त्यानं रेस खाली आणता येते. फट तशीच ठेवून स्क्रू पिळला, की काटा खाली बसतो, गाडी तासभर शहाण्यासारखी वागते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. क्लिफ अशा लोकांना पिळणारे म्हणायचा. "पेनरिथचा तो? पिळणारा आहे तो," असं म्हणून थुंकायचा. चौतीस वर्षांत त्यानं कुणाची फट झाकली नव्हती.

आणि ही फट ब्रेकच्या नळीला होती. उद्या बटरटब्जच्या उतारावर, एका बाजूला दरी, म्हातारी बाई ब्रेक दाबणार आणि पेडल दगडासारखं घट्ट लागणार, गाडी वेळेत थांबणार नाही.

"लावा," क्लिफ म्हणाला. आवाज इतका खाली, की मिस ऑल्डरसननी "काय?" विचारलं.

"लावा म्हणतोय," लॉर्ना म्हणाली.

गाडी लागली. क्लिफ डावीकडे कार्ब्युरेटरवर वाकला. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं. तो पिळत नव्हता. बसवून थांबला होता. त्याच्या मानेवरची शीर तिला इथून दिसत होती.

लॉर्नानं ट्रेवरचा त्याचा मग उचलला. काठोकाठ, वाफाळता. थंड गॅरेजात वाफ चांगली जाड उठत होती. ती उजव्या बाजूला गेली, आणि हिरव्या, चकाकत्या मडगार्डवर, इंजिनाच्या अगदी कडेला, तिनं मग ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. त्या आपटण्याचा धक्का पत्र्यातून क्लिफच्या हाताला गेला.

त्यानं मान वर केली.

आधी मग पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं, तिला वाटलं.

"चहा," ती म्हणाली. ओठ त्याला दिसतील असे.

मिस ऑल्डरसन काहीतरी बोलणार होत्या. नियम त्यांनाही माहीत होता. सगळ्या खोऱ्याला माहीत होता.

क्लिफची नजर पुन्हा मगावर गेली. वाफ सरळ वर जायला हवी होती. जात नव्हती. वीतभर वर गेली, वाकली, आणि एक बारीक पांढरा धागा होऊन आडवी ओढली जात होती. नळीच्या मुळाकडे. क्लिपच्या खाली. तिथे ती गडप होत होती, जणू इंजिन नळीनं चहा पीत होतं.

क्लिफ खूप वेळ त्या धाग्याकडे पाहत राहिला. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निघाला होता, तो त्यानं कधी खिशात टाकला ते त्यालाही कळलं नसावं.

"बंद करा," तो म्हणाला.

मग पुढचं सगळं साधं होतं. क्लिप सैल केली, नळी उपसली. मुळाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर, रबर वाळून उललेलं. तेवढा तुकडा कापला, नळी पुन्हा चढवली, नवी क्लिप घट्ट केली. या सगळ्यात मग मडगार्डवरच होता. त्यानं त्याला हात लावला नाही, आणि लॉर्नाची लावायची हिंमत झाली नाही.

"लावा."

इंजिन लागलं. वर गेलं. काटा थरथरला, आणि मग उतरत उतरत आला आणि हजाराच्या खाली शांत बसला. भरल्या पोटाची मांजर घुरघुरावी तसा आवाज. मॉसनं कान पाडला आणि पुढच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे देवा," मिस ऑल्डरसन म्हणाल्या. "हिचा असा आवाज मी सात-आठ वर्षांत ऐकला नव्हता. भाच्याला आता रडायला जागा नाही. डिन्सडेल, तुझे कान—"

"थांबा," क्लिफ म्हणाला. "अजून झालं नाही."

गाडी देण्याआधी नळीची एक फेरी, हा त्याचा दुसरा नियम. खिळ्यावरची नळी त्यानं काढली, टोक कानात घातलं, डोळे मिटले. एक चक्कर झाली. मुळाशी आल्यावर तो थांबला, बराच थांबला.

मग डोळे उघडले. मडगार्डवरचा मग उचलला. खाली पांढरं वर्तुळ उमटलं होतं. लॉर्ना त्याच्या बाहीकडे पाहत होती. बाही हलली नाही. चहा गार झाला होता. त्यानं तो तसाच एका दमात संपवला आणि मग तिच्या हातात दिला.

"लॉर्ना," तो म्हणाला. पोरी म्हणाला नाही. "इकडे ये."

तिला वाटलं, आता पाटीचं बोलेल. ती जवळ गेली. क्लिफनं खिशातून स्वच्छ फडकं काढलं, नळीचं कानात घालायचं टोक नीट पुसलं, आतून, बाहेरून, आणि तिचे पांढरे केस मागे सारून ते तिच्या कानात बसवलं. दुसरं टोक त्यानं स्वतःच्या हातात धरलं आणि इंजिनावर नेलं.

"काय म्हणतेय, सांग."

मिस ऑल्डरसन एकदम वाकून मॉसच्या गळ्यातला पट्टा नीट करायला लागल्या. पट्टा नीटच होता.

ऑफिसात फोन वाजायला लागला.

मोठ्यानं, जुन्या घंटीचा. पाच वाजले असणार. क्लिफनं मान वळवली नाही. त्याची नजर लॉर्नाच्या चेहऱ्यावर होती, एकटक. चौतीस वर्षं तो इंजिनांकडे असा पाहत आला होता.

"तुमचा फोन वाजतोय," मिस ऑल्डरसन हळूच म्हणाल्या.

लॉर्नानं मान हलवली. नको. मग डोळे मिटून घेतले.

फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि थांबला.

"अजून जरा डावीकडे ने," ती म्हणाली. "हां. तिथे धर."